समुद्रावर इवायांची पंगत

मी क्रूझवर माणसं घेऊन जायची असं सांगितलं, की आमच्या नांदेडच्या बायका आधी विचारतात, "जहाज बुडायचं भ्या न्हाई वाटत का ओ?" मी खरं तेच सांगते. जहाजाची भीती मला कधी वाटली नाही. मला भीती वाटायची ती जेवणाच्या हॉलची.

टूर मॅनेजरची माझी सुरुवात बसवर झाली. तिरुपती, रामेश्वर, कधी काशी. तिथं अन्न कमी पडायची चिंता. आचारी रुसला, सिलिंडर संपला, बस घाटात बंद पडली, की माणसं माझ्याकडं अशी बघायची, जणू मीच त्यांची भाकरी पदरात लपवलीय. पुढं दिवस बदलले. सोयाबीनवाले, दुकानदार, निवृत्त मास्तर सिंगापूरला जाऊ लागले आणि त्यांच्यामागं मीही गेले. क्रूझवर सगळंच उलटं. तिथं अन्न संपतच नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. क्रूझ म्हणजे पाण्यावर चालणारं दहा-बारा मजली हॉटेल. तिकिटातच राहणं आलं, जेवण आलं. नाश्ता आवरतो न आवरतो तोवर जेवण मांडतात, जेवण उचलतात तोवर चहासोबतचे केक येतात. प्यायचं पॅकेज वेगळं असतं, पण एकदा ते घेतलं की खोलीची किल्ली म्हणून दिलेलं कार्डच बारवर दाखवायचं. खिशात हात घालावा लागत नाही, म्हणून किती झाली याची हाताला आठवणच राहत नाही.

आणि आम्ही पडलो टँकरच्या मुलखातली माणसं. जे आज समोर आहे ते उद्या असेलच असं नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. पहिल्या दिवशी माझी माणसं त्या बुफेपुढं उभी राहत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा घाई जास्त असायची. उदगीरच्या एका बाईंनी अंघोळीच्या प्लास्टिकच्या टोप्यांत पुऱ्या भरून कपाटात रचल्या होत्या. लातूरचे एक निवृत्त प्राचार्य डाव्या टेबलापासून शिस्तीत खात निघाले आणि उजवीकडं पोहोचायच्या आत सहल संपली म्हणून हळहळले. इस्लापूरचे एक पाहुणे तर समुद्राकडं पाठ करून जेवायचे. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "नुसतंच पसरलंय की ओ. आमच्या सहस्रकुंडाच्या धबधब्याला कसं, पडतं तरी!"

पण मला सांगायचीय ती रेणापूरच्या भगवानरावांची आणि देगलूरच्या नरसिंगरावांची गोष्ट.

हे दोघं व्याही. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. भगवानराव मुलाचे वडील. ऊस आणि सोयाबीनचे शेतकरी, अंगानं भरलेले, बोलायला मऊ. नरसिंगराव मुलीचे वडील. देगलूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची आडत. सडपातळ, उंच, आवाज मात्र मोंढ्यातला. पोरगा-पोरगी पुण्यात नोकरीला. लग्नाचा वाढदिवस झाला तेव्हा दोघांनी मिळून दोन्हीकडच्या आईबापांना ही सहल भेट दिली. अर्धा खर्च मुलाचा, अर्धा मुलीचा.

घोळ झाला तो इथंच. अर्धा खर्च माझ्या पोराचा, म्हणजे यजमान मी, असं भगवानरावांना वाटलं. अर्धा माझ्या लेकीचा, शिवाय मी मुलीचा बाप, म्हणजे वाढायचा मान माझा, असं नरसिंगरावांना वाटलं. सिंगापूरहून जहाज सुटलं, आम्ही पहिल्या जेवणाला बसलो, आणि नरसिंगराव दोन्ही हातांत ताटल्या घेऊन आले.

"इवाई, हे रसगुल्ले बगा. बंगाली हायत म्हणं."

"बास ओ इवाई, आत्ताच तर बसलाव."

"असं कसं बास? लेकीच्या बापाचा हात हाय ह्यो. माघारी लावताव का?"

भगवानरावांनी दोन रसगुल्ले खाल्ले. मग उठले आणि नरसिंगरावांसाठी चीजकेकचे तीन तुकडे घेऊन आले. "आता आमचा मान ठेवा." नरसिंगरावांनी ते खाल्ले आणि पुन्हा उठले. सबंध सभागृहात लोक आपापलं वाढून घेत होते, आणि हे दोघं बुफे आणि टेबल यांच्यामध्ये लग्नघरासारख्या फेऱ्या मारत होते. वाढणारे फिलिपिनो वेटर हात बांधून बघत राहिले. त्यातल्या एकानं मला हळूच विचारलं, "मॅडम, हे दोघं आमच्याच खात्यातले आहेत का?"

ताटात टाकायचं नाही ही आमची रीत. त्यामुळं आलेलं सगळं पोटात जात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानरावांच्या पत्नी शकुंतलाबाई मला डेकवर गाठून एका बाजूला घेऊन गेल्या. गोऱ्या, ठेंगण्या, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं सारखा उडत होता आणि त्या सारखा धरत होत्या.

"मॅडम, ह्या जहाजावर बिनसाखरेचं काही भेटतंय का?"

"भेटतं की. कोणासाठी?"

त्यांनी मागंपुढं बघितलं. "ह्यांना शुगर हाय. कुणाला बोलू नका. इवायाला तर न्हाईच न्हाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सोयरीक जमताना नरसिंगरावांनी मध्यस्थाला विचारलं होतं, घरात कोणाला शुगर, बीपी हाय का? त्यांचे थोरले भाऊ शुगरनंच गेले होते, आधी पाय गेला, मग माणूस. ते ऐकून मध्यस्थ घाबरला. मोडायला नको म्हणून सांगून बसला, एकदम निरोगी घराणं हाय. भगवानराव तिथंच बसलेले. त्यांनी मान हलवली नाही, पण तोंडही उघडलं नाही. तेव्हापासून इवायासमोर ते निरोगी होते. गोळ्या लवंगांच्या डबीत ठेवायचे आणि जेवण झालं की लवंग घेतल्यासारखी एक तोंडात टाकायचे.

"तुम्हीच सांगून टाका ना त्यांना," मी म्हटलं.

"हे मरतील पण बोलणार न्हाईत. अन् मी बोलले तर ह्यांची मान खाली जाईल."

मी शब्द दिला, बोलणार नाही. पण गप्पही बसवेना. मग मी माझ्या धंद्यातल्या युक्त्या काढल्या. जहाजाचा नियम आहे असं सांगून दोघांची टेबलं लांब लांब लावली. नरसिंगराव वाटी घेऊन सगळा हॉल ओलांडून आले. मी मुख्य आचाऱ्याला सांगून बिनसाखरेची खीर करवली आणि भगवानरावांपुढं ठेवली. नरसिंगरावांनी एक चमचा चाखली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "ही काय आजाऱ्याची खीर! इवायाला हे वाढताव का मॅडम?" आणि वाटी माझ्याच हातात देऊन जिलबी आणायला गेले.

त्यात पिण्याची भर पडली. देगलूरकडं शिंदी, म्हणजे झाडाची ताडी, नवी नाही, नरसिंगराव त्यातले जाणकार. भगवानराव एरवी वर्षातून एखाद्या वेळचे. पण पॅकेज पोरांनी घेऊनच दिलेलं. पोहण्याच्या तलावाकाठी बसून दोघं लाल, निळी, हिरवी, वर छत्री आणि चेरी लावलेली पेयं मागवू लागले. बायकांना सांगितलं, सरबत आहे. नरसिंगरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई निजामाबादकडच्या, नवऱ्याच्या दुप्पट हुशार. त्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि शकुंतलाबाईंना म्हणाल्या, "वदिना, ह्या सरबताला नशा हाय. पिऊ नका." तेलुगूत वहिनीला वदिना म्हणतात. मग जरा थांबून म्हणाल्या, "एक घोट चालतंय तसं."

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. पण भगवानराव एका बैठकीत पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या संपवत होते आणि सारखे उठून जात होते. ते मी बघत होते, आणि शकुंतलाबाईही.

पेनांगचं बंदर मागं टाकून जहाज फुकेतकडं निघालं त्या दुपारी चॉकलेटचा मेळा होता. वितळलेल्या चॉकलेटचं कारंजंच उभं केलेलं. बायका खाली जादूचे प्रयोग बघायला गेलेल्या. नरसिंगराव फळांचे तुकडे त्या कारंज्यात बुडवून इवायाला भरवत होते. भगवानरावांनी एक खाल्लं, दुसरं हातात धरलं आणि म्हणाले, "इवाई, जरा बसतो." बसले नाहीत. गुडघ्यातून मोडले आणि जिन्याच्या कठड्याला धरून ओकू लागले. मी पोहोचले तेव्हा डोळे उघडे होते पण ओळख नव्हती. तोंड कोरडं पडलं होतं, श्वास धाप लागल्यासारखा चालला होता.

जहाजाचा दवाखाना अगदी खालच्या मजल्यावर असतो. चाकाच्या खुर्चीतून आम्ही त्यांना तिथं नेलं. डॉक्टर बाई उंच, गोऱ्या, घाईत पण शांत. त्या इंग्रजीत विचारणार, मी मराठीत सांगणार. क्रूझवर उलटी म्हटलं की आधी साथीचा संशय येतो. त्यांनी विचारलं, किती वेळा झाली, जुलाब आहेत का. मग विचारलं, आधीचा काही आजार? कुठली गोळी चालू आहे?

मी मराठीत सांगायच्या आतच नरसिंगरावांनी माझ्या तोंडाकडं बघून प्रश्न ओळखला. छाती ठोकून म्हणाले, "न्हाई न्हाई! त्यांना सांगा मॅडम, काही आजार न्हाई. एकदम निरोगी घराणं हाय!"

खाटेवर भगवानरावांचे डोळे मिटलेले होते. पापणी हलली. ऐकू येत होतं त्यांना. तरी माणूस बोलेना.

मी शब्द दिला होता. इतक्या वर्षांत प्रवाशांची कितीतरी गुपितं मी सांभाळली. पळून लग्न केलेली जोडपी, एकमेकांशी न बोलणारे भाऊ, टोपाखालची टकलं. त्यातलं एकही कधी फोडलं नव्हतं. पण डॉक्टर बाई सलाईनच्या बाटलीकडं हात नेत माझ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या.

"त्यांना मधुमेह आहे," मी म्हटलं. आधी इंग्रजीत, मग नरसिंगरावांकडं वळून मराठीत. "शुगर आहे त्यांना, जुनी. गोळ्या खिशात, लवंगांच्या डबीत आहेत."

नर्सनं बोट टोचलं. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही, नुसतं 'जास्त' असं इंग्रजीत लिहून आलं. डॉक्टरांच्या हालचाली एकदम बदलल्या. डबी उघडली तर गोळ्या होत्या तेवढ्याच. नंतर कळलं, दारूवर गोळी चालत नाही असं त्यांनी कुठंतरी ऐकलेलं, म्हणून जहाजावर चढल्यापासून त्यांनी गोळी घेतलीच नव्हती. दारू सोडायचं सोडून गोळी सोडली!

डॉक्टर बाईंनी मला बाहेर घेऊन स्पष्ट सांगितलं. सलाईन आणि इन्सुलिन चालू केलंय. संध्याकाळपर्यंत साखर उतरायला लागली तर ठीक. नाही तर सकाळी फुकेतला उतरवून तिथल्या मोठ्या दवाखान्यात द्यावं लागेल, जहाज त्यांच्यासाठी थांबणार नाही. परक्या देशात, भाषा न येणारी बायको आणि बेशुद्धीच्या काठावरचा नवरा. मी शकुंतलाबाईंना बोलावून आणलं. त्या आत गेल्या, नवऱ्याच्या पायाजवळ बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. लक्ष्मीबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.

नरसिंगराव तिथं नव्हते.

ते मला वरच्या डेकवर सापडले. दोन्ही हातांनी कठडा धरून उभे. मला वाटलं, आता फसवल्याचं बोलतील, सोयरिकीचं काढतील. मी म्हटलं, "नरसिंगराव, रागावू नका. मध्यस्थानं घाबरून सांगितलं होतं. त्यांची काही वाईट नियत नव्हती."

"राग कामून येईल मॅडम?" त्यांचा मोंढ्यातला आवाज एवढासा झाला होता. "मी ते कशासाठी इचारलं होतं, कळलं का तुमाला? सोयरीक मोडायला न्हाई. वाढणाऱ्या हाताला म्हाईत पायजे ना, कुणाला काय वाढायचं. दादाला मीच वाढायचो ओ. प्रत्येक पंगतीला. त्यो नको म्हणायचा, अन् मी म्हणायचो, एका लाडवानं काय व्हतंय? दादा गेल्यावर ठरिवलं, की आता इचारूनच वाढीन." त्यांनी नाक पुसलं. "इचारलं तर 'निरोगी' म्हणले. मग मी काय हात आखडता घेऊ? लेकीच्या सासऱ्याला?"

समुद्र समोर होता, छान सोनेरी झालेला. इतक्या सफरी केल्या, पण त्याकडं निवांत बघायचं कधी जमलं नाही. माझी नजर कायम ताटांवर. त्या संध्याकाळी तेवढा वेळ मी तो पाहिला.

दिवे लागायच्या सुमाराला नर्स वर आली आणि म्हणाली, साखर उतरतेय. आम्ही खाली धावलो. भगवानरावांनी डोळे उघडून पहिल्यांदा पाणी मागितलं आणि मग विचारलं, "इवाई गेले का?" नरसिंगराव दारातच होते. आत आले, खुर्ची ओढून बसले.

भगवानराव म्हणाले, "चुकलं आमचं."

"चुकलं तर चुकलं," नरसिंगराव म्हणाले. "पण ते चॉकलेट तुमच्या तोंडात म्या घातलं, ह्ये आयुष्यभर ध्यानात राहील की माझ्या."

"चवीला भारी होतं पर," भगवानराव म्हणाले, आणि शकुंतलाबाई रडता रडता त्यांच्यावर खेकसल्या. त्या खेकसल्या तेव्हा मला कळलं, संकट टळलं.

फुकेतला कोणाला उतरवावं लागलं नाही. शेवटच्या रात्री जेवणाचा मोठा समारंभ असतो, सगळे नटूनथटून येतात. भगवानराव आले, जरा उतरलेले, फेटा बांधून. आमच्या टेबलावर गुलाबजामच्या वाट्या ठेवल्या गेल्या. भगवानरावांनी आपली वाटी पुढं सरकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला शुगर हाय. इथून पुढं कुणी आग्रह करू नका."

लातूरच्या एका वकिलांनी हळूच आपली वाटी सरकवली. "तसं मला पण आहे." त्यांची बायको त्यांच्याकडं बघतच राहिली. मग मुखेडच्या एका बाई म्हणाल्या, "मलाबी हाय बया." मग आणखी एक, आणखी एक. सगळे चारचौघांत चांगलं दिसावं म्हणून इतके दिवस गोड खात होते आणि खोलीत जाऊन गोळ्या घेत होते! टेबलाच्या मधोमध वाट्यांचा ढीग झाला. लक्ष्मीबाईंनी त्यातली एक शांतपणे ओढून घेतली आणि खात खात नवऱ्याकडं वळल्या. "तुमी तपासलाव का कधी?"

नरसिंगराव छताकडं बघू लागले.

नव्हतंच तपासलं कधी. भाऊ गेल्यापासून सुईचं नाव काढलं की ते उठून चालू लागायचे. सकाळी सिंगापूर यायच्या आधी भगवानरावांनीच त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. मीही बरोबर होते. नर्सनं टोचलं तेव्हा नरसिंगरावांनी इवायाच्या खांद्यात तोंड खुपसलं. साखर होती, थोडी, काठावरची. डॉक्टर बाई म्हणाल्या, आत्तापासून सांभाळलं तर गोळीही लागणार नाही कदाचित.

"पोरांना सांगावं लागंल," भगवानराव म्हणाले. "सुनेला तर माझंबी सांगायचं राहिलंय. काय म्हणंल ती, सासऱ्यानं फसवलं म्हणून?"

"मी बोलतो," नरसिंगराव म्हणाले. "मपली लेक हाय. समजावतो तिला."

मी व्हिडिओ कॉल लावून दिला. पडद्यावर सून आली, ऑफिसला निघायच्या घाईत, केस विंचरत. नरसिंगराव घसा साफ करून मोठ्या गंभीरपणे बोलू लागले. "हे बघ बाई, मन घट्ट कर. मोठी गोष्ट हाय. रागाला येऊ नको. तुझ्या सासऱ्याला..."

"शुगर आहे," ती म्हणाली.

दोघं इवाई पडद्याकडं बघत राहिले.

"मला लग्नाआधीच सांगितलं होतं तुमच्या जावयानं. पहिल्या भेटीतच. मामांच्या गोळ्या पुण्यातून मीच तर पाठवते, यांच्या नावानं, कुरियरनं. आता काय झालं? पप्पा, तुम्ही रडताय का?"

"मग मला कामून सांगितलं न्हाईस गं?" नरसिंगराव ओरडले. दवाखान्यातली नर्स दचकली.

लेकीनं कंगवा खाली ठेवला. "तुम्ही मला कुठं विचारलं पप्पा? तुम्ही तर मध्यस्थाला विचारलं होतं."